दाराशी उभं वल्हं

ठाण्या-कल्याणकडे कुणी प्रवासाला जात नाही. माणसं तिकडे नोकरीला जातात, जागा बघायला जातात, नाहीतर मावशीकडे. त्यामुळे परत आल्यावर आमच्या मिरजेच्या शाळेत शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांनी विचारलं, "काय पाहिलंस तिकडे?" तेव्हा त्या विचारण्यात थोडी चेष्टा होती. मी सांगायला सुरुवात केली. मधल्या सुट्टीची घंटा होऊन गेली तरी कुणी उठलं नाही, आणि शेवटी भूगोलाच्या बाई म्हणाल्या, "हे लिहून काढ बाई, नाहीतर तूच उद्या म्हणशील की असं काही झालंच नव्हतं." म्हणून हे लिहितेय. ती वर्षं नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची. मी चित्रकला शिकवते आणि भुताखेतांवर माझा विश्वास नाही, एवढं आधीच सांगून ठेवते.

मी गेले ती शिकायला. पुण्यात संग्रहालयाच्या मांडणीचा एक अभ्यासक्रम मी शाळेतून रजा काढून करत होते. तिथल्या आमच्या सबनीस बाई साठीच्या, बारीक चणीच्या, आवाज मात्र खणखणीत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी आम्हाला एका संग्रहालयात नेऊन एका काचेच्या कपाटासमोर उभं केलं होतं. आत एक जाळं आणि खाली पट्टी: 'मासेमारीचे साधन. सूत.' बाई म्हणाल्या, "हे वाचून तुम्हाला काय कळलं? सूत आहे हे तर मलाही दिसतंय. हे कुणी विणलं, कुणी दिलं, का दिलं? आणि देताना त्या खोलीत कोण नव्हतं?" हे शेवटचं त्यांचं पालुपद होतं. वस्तू आपल्या हातात येते तेव्हा तिथे जो माणूस हजर नसतो, त्याला आधी शोधा, असं त्या सारखं सांगत. आम्ही त्यांच्या माघारी त्यांची नक्कल करायचो.

अभ्यासक्रमाच्या शेवटी प्रत्येकाने एक छोटं प्रदर्शन उभं करायचं होतं. मला मिळालं खाडीकाठच्या घरांमधल्या वस्तूंचं, ठाण्यात, एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये. हॉल फुकट मिळाला, कारण दिवस पितृपक्षाचे होते. त्या पंधरवड्यात कुणी साखरपुडा करत नाही, बारसं करत नाही, हॉल ओस पडलेला असतो. मावशी हे ऐकून कपाळाला हात लावून म्हणाली, "अगं, पितरांच्या दिवसांत उद्घाटन?" बाईंना फोनवर सांगितलं तर त्या हसल्या. "उत्तमच. जुन्या वस्तूंच्या मालकांनाही येता येईल," म्हणाल्या. मीही हसले होते.

डोंबिवली

राहायला मावशीकडे होते, डोंबिवली पूर्वेला. गाडीतल्या गर्दीवर सगळ्यांनीच लिहून ठेवलंय, मी त्यात भर घालत नाही. डोंबिवलीचं मला जे लक्षात राहिलंय ते म्हणजे वास. मावशीच्या बिल्डिंगपासून कारखान्यांची वसाहत काही फार जवळ नव्हती, तरी संध्याकाळी वारा फिरला की कुजलेल्या बदामासारखा काहीतरी गोडसर वास घरात यायचा आणि मावशी न बोलता उठून खिडक्या लावायची. शेजारपाजारच्या खिडक्याही एकामागून एक लागायच्या. पहिल्या दिवशी मी विचारलं, तर म्हणाली, "काही नाही, कंपनीचं आहे." आमच्याकडे उसाच्या मळीचा वास येतो, त्याला निदान माणसं शिव्या देतात. इथे कुणी काही म्हणत नव्हतं. वसाहतीच्या बाजूला एक नाला होता, तो एका दिवशी गुलाबी आणि दुसऱ्या दिवशी हिरवा दिसायचा. काठावर बगळे उभे असायचे, आणि त्यांचे पाय त्या त्या दिवसाच्या रंगाचे.

काशिनाथभाऊ मला तिथेच भेटले. मावशीच्या यजमानांच्या ओळखीचे, रंगाच्या कारखान्यात कामाला. पन्नाशीच्या आसपासचा, केस पांढरे झालेला, थोराड बांध्याचा माणूस. घर दिवा स्टेशनच्या पुढे, खाडीकाठच्या एका कोळ्यांच्या गावात. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. त्यांनी नमस्कार करायला हात जोडले आणि मी दचकले. दोन्ही हात मनगटापर्यंत लालभडक होते.

"डाय आहे, मॅडम," ते म्हणाले. "घाबरू नका. जात नाय. जेवतानापण असाच असतो."

त्यांना मी सांगितलं की मला पितळी समया आणि नक्षीच्या पेट्या नकोत, रोजच्या वापरातलं काहीतरी हवंय. त्यांनी मान डोलावली. मग म्हणाले, "आमच्याकडे एक वल्हं आहे. माझ्या वडलांचं. येऊन बघा."

खाडीकाठी

दिव्याला उतरून पुढे चालत गेलो. स्टेशनाबाहेर नळावर हंडे-कळश्यांची रांग होती आणि नळ कोरडा होता, तरी बायका रांग सोडत नव्हत्या. त्यांच्या पलीकडे अर्धवट बांधलेल्या चाळी. मग एकदम वस्ती संपली. बांध, मिठागरं, आणि त्यानंतर खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या तिवरांची दाट झाडी.

दुपारची वेळ होती. ओहोटीला तिकडे सुकती म्हणतात. सुकतीला खाडी जाते आणि मागे नुसता करडा चिखल राहतो, नजर पोचेल तिथपर्यंत. आमच्याकडे कृष्णा आटते तेव्हाही तिचं पात्र ओळखू येतं. इथे पाणी कुठे गेलं हेच कळत नव्हतं. त्या चिखलातून सारखा बारीक आवाज येत होता, असंख्य तोंडं एकदम उघडून मिटल्यासारखा. काशिनाथभाऊ म्हणाले की ती खेकड्यांची बिळं आहेत आणि निवट्या उड्या मारतायत. निवटी म्हणजे चिखलावर सरपटणारा मासा, डोळे डोक्यावर. मी वाकून बघायला गेले तर माझी एक चप्पल चिखलात रुतली. ओढायला हात घातला तर चप्पल नव्हती. कोपरापर्यंत हात घालून चाचपलं, नव्हतीच.

"ऱ्हाऊ द्या," काशिनाथभाऊ म्हणाले. "घेतलेलं देत नाय तो."

पुढे एका पायाने अनवाणी मी त्यांच्या घरी पोचले. कौलारू घर, पुढे शेणाने सारवलेली पडवी. दाराच्या उजव्या अंगाला भिंतीशी ते वल्हं उभं होतं. माझ्या उंचीच्या दीडपट. दांडा हाताच्या घामाने काळा गुळगुळीत झालेला, पातं खाली जमिनीवर टेकलेलं. घरात त्या वेळी कुणी नव्हतं. काशिनाथभाऊंची बायको मुलांना घेऊन माहेरी गेली होती आणि आई मागच्या दारी होती.

मी चित्र काढणारी बाई, वस्तूला हात लावून बघायची सवय. पात्याला हात लावला आणि काढून घेतला. पातं ओलं होतं. नुसतं दमट नव्हे, चांगलं ओलं, आणि त्याच्याखाली सारवणावर ओला डाग पसरला होता.

"आज तुम्ही गेला होतात खाडीत?" मी विचारलं.

"मी खाडीत जात नाय. कंपनीत जातो." मग ते हलक्या आवाजात म्हणाले, "रोज ओलं असतं. आई म्हणते, तो येऊन जातो."

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्यांची रीत अशी की पुरुष होडी घेऊन पाण्यावर गेला की त्याचं जोडीचं एक वल्हं दाराशी उभं ठेवायचं. तो परत आला की स्वतःच्या हाताने ते उचलून आढ्याखाली आडवं ठेवायचा. तो पाण्यावरच वारल्याची खबर आली, तर बाहेरच्या माणसाने येऊन वल्हं आडवं करायचं. घरच्यांनी त्या कामाला हात लावायचा नाही. काशिनाथभाऊ रांगत होते तेव्हा वडील एका सकाळी गेले. होडी तिवरात उलटी मिळाली, माणूस मिळाला नाही. भावकीतले लोक वल्हं आडवं करायला आले तेव्हा आई दारात उभी राहिली. "मयत दाखवा," म्हणाली. मयत कुणाकडेच नव्हतं. लोक परत गेले. तेव्हापासून वल्हं उभं होतं.

तेवढ्यात आई आली. हिराबाय. वाळून काटकी झालेली, पण ताठ. काष्ट्याचं लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू, दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या. तिच्या वयाच्या बायकांच्या हातांत मी इतक्या बांगड्या पाहिल्या नव्हत्या. मी कोण, कशासाठी आले ते तिने ऐकून घेतलं. वल्ह्याकडे एकदा बघितलं.

"बग तुना काय बगाचा हाय तं," ती म्हणाली. "पन त्यो उभाच राव दे."

तिने मला जेवू घातलं. तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं कालवण. ज्या प्राण्याचे डोक्यावरचे डोळे मी नुकतेच बघून आले होते, तो ताटात आल्यावर माझा घास अडला. पण कालवणाला आंबट-तिखट अशी काही चव होती की मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. आमच्याकडे जेवताना दाराकडे पाठ करून बसू नये असं काही नाही. तिथे मी तशी बसले तर हिराबायने मला हाताला धरून सरकवलं. दाराची वाट तिला मोकळी हवी होती. सबंध वेळ ती माझ्याशी बोलत होती आणि माझ्या खांद्यावरून बाहेर बघत होती.

मी वहीत नोंद करताना विचारलं, "आजी, यांचं नाव काय?"

ती हसली. "मी कसा घेऊ नाव?" म्हणाली. तिच्या तोंडी तो 'काश्याचा बापूस' होता, नाहीतर नुसता 'त्यो'. नाव मला काशिनाथभाऊंनी सांगितलं, तेही तिच्या माघारी, बांधावर आल्यावर. गोमा.

ठाणे

मी वल्हं मागितलं नव्हतं. जे वल्हं उभं असण्यावर एका बाईचं कुंकू उभं आहे, ते मागून न्यायचं धाडस मला झालं नसतं. पण तीन-चार दिवसांनी मी हॉलमध्ये मांडणी करत असताना खाली टेम्पो थांबला आणि काशिनाथभाऊ खांद्यावर वल्हं घेऊन जिना चढून वर आले.

"आई हो म्हणाली," ते म्हणाले. घाम पुसत त्यांनी हॉलभर नजर फिरवली. "मॅडम, हे आडवं लावा. त्या लांब भिंतीवर शोभेल. आणि खाली लिहा, कैलासवासी गोमा, आणि गावाचं नाव."

"आई असं म्हणाली?"

"आई हो म्हणाली," त्यांनी पुन्हा तेवढंच सांगितलं आणि घाईघाईने जिना उतरून गेले.

मी शिपायाच्या मदतीने वल्हं आत घेतलं. आमच्या कामात प्रत्येक वस्तूला क्रमांक घालतात. एका कडेला पांढऱ्या रंगाने, बारीक, कुणाला दिसणार नाही असा. मी ब्रश भिजवला आणि दांड्याजवळ नेला, आणि मला तो टेकवता आला नाही. असं का झालं याचं उत्तर माझ्याकडे आहे, आणि ते भुताखेतांचं नाही. काशिनाथभाऊ जिना उतरले त्या घाईत मला बाईंचं पालुपद आठवलं होतं. हे वल्हं हातात आलं तेव्हा या खोलीत कोण नव्हतं? हिराबाय नव्हती. आणि माझ्याकडे काय मागितलं जात होतं हेही लक्षात आलं. बाहेरच्या माणसाने वल्हं आडवं करायचं, आणि बाहेरची माणूस मी. वर पट्टीवर 'कै.' लिहिलं की झालं. प्रदर्शन बघायला येणारे लोक वाचतील, मान हलवतील, आणि तिकडे एका बाईला न विचारता तिच्या बांगड्या उतरतील.

मी ते दाराच्या उजव्या अंगाला उभंच ठेवलं, पातं खाली. पट्टी कोरी ठेवली. संध्याकाळी खिडक्या लावल्या, बाहेरून कुलूप घातलं, किल्ली पर्समध्ये टाकली.

सकाळी कुलूप उघडून आत गेले तेव्हा हॉल काल सोडला तसाच होता. दरवाज्याजवळची फरशी मात्र ओली होती. पात्याच्या खाली पाण्याचं थारोळं, आणि पात्याच्या खोबणीत करडा चिखल. त्याचा वास मला लगेच कळला, माझी चप्पल गिळली होती त्यानेच. मी आधी वर बघितलं. छत कोरडं होतं. रात्री पावसाची सरसुद्धा आली नव्हती. खिडक्यांच्या कड्या लागलेल्या होत्या. खाडी तिथून बरीच लांब, मध्ये सगळी बाजारपेठ. शिपायाला हाक मारली. तो उंबऱ्यातच थांबला, म्हणाला, "बाई, मी पुसणार नाय हं ते." मीच पुसलं. 

मग मी मांडणी तशीच सोडून निघाले.

पुन्हा त्या घरी

हिराबाय पडवीत बसली होती. दाराच्या उजव्या बाजूला भिंतीवर वल्ह्याच्या आकाराची फिकट उभी खूण उरली होती आणि जमिनीवर डाग. तो आता वाळला होता.

मी बसले. विषय कसा काढावा कळेना, तर तिनेच काढला. "काश्यानं नेला. मी बगितला त्याना नेताना. मागच्या दारान उभी व्हती."

"मग थांबवलं का नाही, आजी?"

"कवापरतं थांबवू? त्यो पन म्हातारा झाला." ती खाडीकडे बघत होती. भरती येत होती. मघाचा चिखल आवाज न करता पाण्याखाली जात होता. "त्याला बापसाचा पानी सोडाचा हाय. मावस आली का सगली कावल्याला पान ठेवतान. ह्यो घरान दार लावून बसतंय. मना कलत नाय असा वाटतंय त्याला."

सर्वपित्री अमावस्या दोन दिवसांवर होती. भटजींनी काशिनाथभाऊंना सांगितलं होतं की देह नसला तरी दर्भाचा बाहुला करून सगळं रीतसर करता येतं, फक्त घरच्या बाईने हो म्हटलं पाहिजे. हे तिला माहीत होतं. इतकी वर्षं माहीत होतं.

मी धीर करून विचारलं, "आजी, ते पातं रोज ओलं कसं असायचं?"

ती माझ्याकडे वळली आणि तिला हसू आलं. "मीच भिजवायची. पहाटं कलशी भरून आनायची खाडीतनं आन दिसभर थोडा थोडा वताची. लाकूड सुकला का फाटतंय. त्यो आला आन वल्हा फाटलेला बगितला तं काय म्हनंल?" मग पदर सावरत म्हणाली, "काश्याला मी सांगायची, त्यो येऊन गेला. पोरगं रडायचं ना रातचा. तवापासून तसाच चालू ऱ्हायला."

मला हायसं वाटलं. इतकं साधं होतं सगळं. आणि पुढच्याच क्षणी सकाळचा हॉल आठवला. ती पहाटे इथे होती. हॉलला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये होती.

 तिला एवढंच म्हटलं की उद्या ठाण्याला या, वल्हं कुठे ठेवलंय ते डोळ्यांनी बघा, आणि काय करायचं ते तुम्ही सांगा. तिने लगेच मान डोलावली. मला वाटतं ती कुणीतरी बोलवायची वाटच बघत होती.

परतताना दिव्याच्या स्टेशनावर काशिनाथभाऊ भेटले, रात्रपाळी आणि तिला जोडून दिवसपाळी संपवून येत होते. मी त्यांना सकाळची हकिकत सांगितली. त्यांचा चेहरा पडला. पहिल्यांदा मला वाटलं, हे त्यांनीच केलं असेल. पण ते रात्रपाळीला होते आणि इतका घाबरलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

"तिला सांगू नका, मॅडम," ते म्हणाले. "हात जोडतो. ओलं झालेलं कळलं ना, तर ती मरेपर्यंत वाट बघत बसणार. मी माझ्या बापापेक्षा म्हातारा झालो, मॅडम. तो गेला तेव्हा पंचविशीतला होता. मला त्याला एकदा जेवायला घालायचंय." त्यांनी ते लाल हात खरोखरच जोडले. फलाटावरची माणसं बघत होती.

रात्रभर मला झोप नाही. मावशीने खिडक्या लावल्या होत्या तरी वास येत होता. खरं सांगितलं तर त्या बाईला मी जन्मभर दाराशी बसवणार, आणि लपवलं तर तिचं कुंकू माझ्या गप्प बसण्याने पुसलं जाणार. सबनीस बाईंनी असल्या वेळी काय करायचं ते शिकवलं नव्हतं. फोन करून विचारावं असं मनात आलं, आणि मग वाटलं की त्याही त्या खोलीत नाहीत.

पुन्हा ठाणे

दुपारी दोघं आली. हिराबायने धुवट लुगडं नेसलं होतं, केसांत अबोलीची वेणी. काशिनाथभाऊंनी तिचा हात धरून तिला जिना चढवला. हॉलमध्ये आम्ही तिघंच होतो. शिपाई आदल्या सकाळपासून वर येत नव्हता.

तिने आधी सगळं प्रदर्शन बघितलं. जाळी, मिठाच्या टोपल्या, कुणाचं तरी जातं, एक पाळणा. मी खालच्या पट्ट्या वाचून दाखवत होते. कुणी दिलं, का दिलं, सगळं मी लिहिलं होतं आणि मला त्याचा थोडा अभिमानही होता. ती प्रत्येक वस्तूजवळ थांबून नावं ऐकत होती, आणि लग्नघरात पाहुणे मोजावेत तशी एकेकाची चौकशी करत होती. हा हाय? ही हाय? बहुतेक वस्तूंची माणसं आता हयात नव्हती.

मग ती वल्ह्यासमोर खाली फरशीवर बसली. बराच वेळ बसली. बाहेर रस्त्यावर हॉर्न वाजत होते, पण आत ते फार लांबून ऐकू आल्यासारखे येत होते. खिडकीतली कबुतरं कधी उडाली कळलं नाही.

"हित मी भिजवला नाय," ती म्हणाली. "मी नव्हती. तरी वला झालता का, बाय?"

काशिनाथभाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

"झालं होतं, आजी," मी म्हणाले. "सकाळी आले तेव्हा खाली पाणी होतं. पात्याला चिखल होता."

काशिनाथभाऊ मट्‌कन खुर्चीवर बसले. मी काय केलं हे मला त्यांच्या चेहऱ्यावर वाचता येत होतं. हिराबाय मात्र हलली नाही. तिने पुढे वाकून पात्याच्या खोबणीत बोट घातलं, आत कुठेतरी थोडा ओलसर चिखल राहिला होता, तो काढून जिभेला लावला.

"खारा हाय," ती म्हणाली. मग मला विचारलं, "दाराला कुलूप व्हता?"

"होतं."

"खिडक्या?"

"बंद होत्या. कड्या लावलेल्या."

तिने मान हलवली. खूप दिवसांनी एखाद्या कामाचा निकाल लागावा तशी शांत झाली ती. लुगड्याच्या पदराने बोट पुसलं आणि म्हणाली, "जित्या मानसाला दार लागतंय, बाय. हाक मारतंय, कडी वाजवतंय. मी इतकी वर्सं दार उगडा ठेवला त्याच्यासाटी." मग वल्ह्याकडे बघून म्हणाली, "ज्याला कुलपातनं येता येतंय, त्यो घरी येनारा नाय."

 काशिनाथभाऊ खुर्चीतून उठले आणि पुन्हा बसले.

"तू परकी हायस," हिराबाय मला म्हणाली. "तू ठेव आडवा. आमच्यानी ठेवाचा नसतंय."

मी एकटीने वल्हं उचललं. हॉलमध्ये आत घेताना ते उचलायला दोघं लागलो होतो, पण आता ते मला सहज उचलता आलं. त्या लांब भिंतीखाली फरशीवर ते आडवं ठेवलं. तेवढ्या वेळात तिने हातातल्या बांगड्या काढायला घेतल्या होत्या. फोडल्या नाहीत, एकेक करून उतरवल्या आणि पदरात बांधल्या.

मग ती त्या कोऱ्या पट्टीकडे बघून म्हणाली, "हित काय लिवलंस?"

"काही नाही. तुम्हाला विचारून लिहायचं होतं."

"लिव," ती म्हणाली, आणि तिने नाव घेतलं. "गोमा." अगदी स्पष्ट, वल्ह्याकडे बघत, बाजारातून कुणाला हाक मारावी तशा आवाजात. काशिनाथभाऊंनी आईच्या तोंडून बापाचं नाव जन्मात ऐकलं नव्हतं. "आन नावाच्या आदी तुमी जा लिवतान ना गेलेल्याला, ता पन लिव."

'कै.' लिहायला मी पेन उघडलं. तेव्हा काशिनाथभाऊ पुढे आले आणि त्यांनी माझं मनगट धरलं.  डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या लाल हाताची पकड इतकी घट्ट होती की माझं मनगट दुखायला लागलं.

"नको, मॅडम," ते म्हणाले. "आये, नको. राहू दे उभं. राहू दे ना."

हिराबायने उठून त्यांची बोटं माझ्या मनगटावरून एकेक सोडवली आणि त्यांचा हात आपल्या हातात धरून ठेवला.

"लिव तू, बाय," ती मला म्हणाली. "त्याचा आयकू नको. त्यो ल्हान हाय अजून."